पाहुण्यांना दाखवायची वाट

विद्यापीठात परदेशी पाहुणे आले की कार्यक्रम ठरलेला असतो. कुलगुरूंच्या दालनात शाल-श्रीफळ, केंद्रप्रमुखांचं स्वागताचं भाषण, ग्रंथालयात काचेखालच्या हस्तलिखितांपुढे फोटो, मग जेवण, आणि ऊन उतरल्यावर शहरातली एखादी नावाजलेली इमारत. केंद्र इस्लामी अध्ययनाचं असलं तर ती इमारत बहुधा मशीद नाहीतर मकबरा असते. पाहुणे माना डोलावतात, वही भरते, विमान सुटतं.

माझा एक जुना मित्र अशाच एका केंद्रात शिकवतो. गेल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला. आग्नेय आशियातून प्राध्यापकांचं एक शिष्टमंडळ यायचं होतं आणि त्यांनी आधीच कळवलं होतं, की पुस्तकं आमच्याकडेही आहेत; तुमच्या खेड्यापाड्यांत इस्लाम कसा रुजला ते जमलं तर दाखवा. "तू तिकडचा ना? नागपूरच्या आसपास असं काय आहे सांग," मित्र म्हणाला. तिकडचा म्हणजे पांढुर्ण्याचा. मी म्हटलं, सांगतो, पण आधी एकदा जाऊन बघतो. मास्तरकीतून मोकळा झाल्यापासून अशा रिकाम्या कामांना मी नाही म्हणत नाही.

मित्राच्या केंद्रासारखी केंद्रं तशी अलीकडची. देवबंदचं दारुल उलूम १८६६ चं, लखनौचा नदवा त्याच शतकाच्या अखेरचा. तिथं धर्म शिकवतात तो धर्माच्या माणसांसाठी. विद्यापीठात इतिहास-समाजशास्त्राच्या शेजारी इस्लामचा अभ्यास मांडायचा, शिकवणारा आणि शिकणारा कोणत्याही धर्माचा असू द्यायचा, ही विसाव्या शतकातली गोष्ट. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी १९५२ मध्ये अशी संस्था काढली. हे गृहस्थ त्याआधी लाहोरला शिकवत होते. अलीगढची संस्था १९५४ ची. तेव्हापासून या केंद्रांचं एकमेकांकडे जाणंयेणं सुरू आहे, आणि ते चांगलंच आहे. माझी तक्रार एवढीच, की ही मंडळी एका ग्रंथालयातून निघतात ती दुसऱ्या ग्रंथालयात पोचतात.

सुरुवात पांढुर्ण्यापासून केली. नागपूर-इटारसी मार्गावरचं हे स्टेशन. आंबिया बहार उतरत होता, बाजारात संत्र्यांचे कॅरेट छातीएवढे रचले होते, आणि बोली लावणाऱ्यांत कुणबी, पवार, मुसलमान सगळे एकाच सुरात ओरडत होते. त्या ओरडण्याची भाषा मराठी म्हणावी तर क्रियापद हिंदी, हिंदी म्हणावी तर शिवी मराठी. नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेले. पांढुर्णा-सौंसर छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिलं. २०२३ मध्ये या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. राज्य एक, जिल्हा नवा, पण लग्नाचा बस्ता आजही नागपुरातच.

जाम नदीच्या पुलावर थोडा थांबलो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथं गोटमार होते. पात्राच्या मध्यात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून दगड. माणसं जखमी होतात, काही वर्षी दगावलीही आहेत. त्या दिवसाचं कौतुक मला कधी करता आलं नाही, गावचा असूनही. पण त्यामागची एक गोष्ट कामाची आहे. पळून गेलेल्या प्रेमिकांची कथा सगळे सांगतात. दुसरी कथा मात्र जुने लोक सांगतात, ती जाटबा राजाच्या सैन्याची. आणि तोडलेला झेंडा जातो तो चंडीमातेच्या देवळात. जाटबा आणि चंडी, ही दोन नावं पुढे देवगडच्या किल्ल्यावर पुन्हा भेटणार होती, म्हणून इथंच वहीत टिपून ठेवली.

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणारा रस्ता तासाभराचा. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा, मध्ये कापूस, तुरीला शेंगा धरलेल्या. जामसावळीला उतरणारी माणसं गाडीत बरीच होती. तिथला मारुती उभा नाही, निजलेला आहे, आणि शनिवार-मंगळवारी तिथं पाय ठेवायला जागा नसते. सौंसरच्या स्टँडबाहेर एका टपरीवर चहा घेत होतो. शेजारी बसलेले म्हातारे चाचा संत्र्याच्या बागा ठोक्यानं घेणारे निघाले. डोक्यावर जाळीची टोपी, हातात नागपूरचं मराठी वर्तमानपत्र.

"काहून गुर्जी, इकडं कुठी निघाले?"

"देवगडाला."

"किल्ल्यावर काय काम काढलं आता?"

बाहेरदेशातून पाहुणे यायचे आहेत, इस्लामचा अभ्यास करणारे, त्यांना दाखवायचं आहे म्हणून आधी पाहतो आहे, असं सांगितलं. चाचांनी पेपरची घडी केली.

"मंग त्यायले संत्रा खाऊ घाला. दगडं पाहून काय करतीन? अन् अभ्यास करा म्हणा आमचा. आमी रोजे करतो, पोळ्याले बैलही सजवतो. लिवून घ्या म्हणा."

चाचा थट्टा करत होते, पण मला वाटतं शिष्टमंडळाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यांनी चहाच्या टपरीवरच देऊन टाकलं होतं. उरलेलं निम्मं वर होतं, डोंगरात.

सौंसर सोडल्यावर रामाकोन्याला कन्हान नदी लागते आणि त्यानंतर सिल्लेवानीचा घाट. हा घाट म्हणजे या मुलुखाचा उंबरठा. खाली काळी जमीन, मराठी बोली, संत्रा. वर सातपुड्याचं पठार, सागाचं रान, गोंडांची गावं. घाट चढून मोहखेडच्या बाजूला वळलं की वाट अरुंद होत जाते आणि खोल दऱ्यांच्या मधोमध देवगडाचा डोंगर दिसू लागतो. गड चढायला अवघड नाही. अवघड असतं ते एवढ्या आडरानात एक राजधानी होती यावर विश्वास ठेवणं.

अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत या भागातल्या जाटबाची नोंद आहे : २,००० घोडदळ, ५०,००० पायदळ आणि १०० हत्ती. दरबारी आकड्यांना थोडी सूट देऊन वाचावं, पण अकबराच्या कारकुनांना हे नाव दखल घेण्याजोगं वाटलं हे खरं. लोककथेतला जाटबा याहून रंगतदार आहे. तो गवळी राजांच्या पदरी नोकर होता. त्यांनी त्याला लाकडी तलवारीनं रेडा मारायला सांगितलं. देवीनं दृष्टांत दिला, लाकूड पोलाद झालं, आणि रेड्यापाठोपाठ राजेही गेले. तेव्हापासून गोंडांचं राज्य. गडावर चंडीचं देऊळ आहे. पांढुर्ण्यात झेंडा जातो तो याच देवीच्या नावाला.

वर नगारखाना अजून उभा आहे. आत कचेरी, बादल महाल, पाण्याचं मोतीटाकं, पडकी मशीद. बांधणी पाहिली तर मोगली वळणाची : कमानी, कोनाडे, चुन्याचं काम. ज्यांनी दिल्ली-आग्र्याच्या इमारती पाहिल्या आहेत त्यांना हे सगळं फार लहान वाटेल. मला ते लहानपणच आवडलं. दूरच्या बादशाहीचं रूप ऐकून-पाहून आपल्या दगडात, आपल्या गवंड्याकडून जेवढं जमेल तेवढं उतरवलेलं. गडाखालच्या गावात म्हण आहे, आठशे विहिरी अन् नऊशे बावड्या. मोजायला कोणी जात नाही, पण झुडपांत दडलेल्या बावड्या अलीकडे गाळ काढून मोकळ्या केल्या आहेत, आणि दगडी पायऱ्यांनी खाली पाण्यापर्यंत जाता येतं. इथून नागपूरपर्यंत भुयार आहे अशीही वदंता आहे. भुयार असो नसो, देवगडाहून नागपूरला एक रस्ता नक्की गेला, आणि तो ज्या राजानं काढला तोच माझ्या यादीतला मुख्य मुद्दा.

त्याचं नाव बख्त बुलंद शाह. गादीचा तंटा होता, भाऊबंद वरचढ झाले होते. दाद मागायला तो औरंगजेबाच्या दरबारी गेला आणि १६८६ च्या सुमारास त्यानं इस्लाम स्वीकारला. देवगडचं राज्य त्याला मिळालं. इथं शाळेतल्या इतिहासाची सवय असलेला वाचक लगेच एक चित्र रंगवतो : तलवार, जबरदस्ती, बाटणं. नाहीतर त्याच्या उलट, सूफी संतांच्या प्रेमानं आपोआप झालेलं मनपरिवर्तन. बख्त बुलंद दोन्हींत बसत नाही. त्याला गादी हवी होती. गादीची किंमत धर्म होती. त्यानं ती मोजली. आणि एवढं करून तो बादशहाचा आज्ञाधारक झाला म्हणावं, तर तेही नाही. औरंगजेबानं त्याला पुढे बाजूला सारलं तसं यानं बंड केलं, मोगली मुलुख लुटला, मराठ्यांशीही संधान बांधलं. म्हणजे गोंड वंशाचा, धर्मानं मुसलमान, मराठ्यांच्या जोडीनं औरंगजेबाशी लढणारा राजा. कुठल्या खणात ठेवणार याला?

याच राजानं १७०२ मध्ये आसपासच्या बारा वाड्या एकत्र करून नागपूर वसवलं. नागपूर हे नाव त्याच्याही आधीचं. १६३७ मध्ये खान-ए-दौरान या मोगल सरदारानं नागपूरच्या गढीला वेढा घातल्याची नोंद आहे. पण गावाचं शहर केलं ते यानं. नागपूरच्या दरबारातला इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यानं १८२७ च्या आपल्या अहवालात बख्त बुलंदाचं कौतुक केलं आहे : कर्तबगार माणूस हिंदू की मुसलमान न पाहता कामाला लावला, चहूकडून कष्टाळू लोक आणून वसवले. सौंसर-पांढुर्ण्याच्या काळ्या जमिनीवर नांगर धरणाऱ्या घराण्यांपैकी काहींचे पूर्वज त्याच सुमारास आले असतील. त्याचा वारस चांद सुलतान यानं गड सोडून राजधानी नागपुरात नेली, गावाला कोट घातला, आणि जुम्मा तलाव बांधला. नागपूरकर आज त्याला शुक्रवारी तलाव किंवा गांधीसागर म्हणतात.

पुढची गोष्ट मराठी वाचकाला निम्मी ठाऊक असते. चांद सुलतान वारल्यावर वली शाहनं गादी बळकावली. विधवा राणीनं वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. ते आले, आणि राहिले. १७४३ पर्यंत कारभार भोसल्यांच्या हाती गेला होता. ठाऊक नसते ती गोष्ट अशी की राणीचं नाव रतनकुंवर होतं आणि तिच्या मुलांची नावं बुऱ्हाण शाह आणि अकबर शाह. घरातली ही तीन नावं शेजारी ठेवली की त्या काळच्या इस्लामबद्दल जे कळतं ते पुष्कळशा प्रबंधांतून कळत नाही. धर्म बदलला होता. सोयरीक, कुळी, देवीचा मान यांतलं बरंचसं जिथल्या तिथं होतं. आणि भोसल्यांनीही बुऱ्हाण शाहला हाकललं नाही. त्याला नेमणूक करून दिली, राजेपण नावाला ठेवलं. भोसल्यांच्या घरात नवा राजा गादीवर बसला की कपाळावर टिळा लावण्याचा मान या गोंड राजाचा. मराठा राजाला मुसलमान गोंड राजाचा टिळा. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं, आणि भोसले स्वतःच नेमणूकदारांच्या रांगेत गेले.

गडावरच्या पडक्या मशिदीत बराच वेळ बसलो. शेळ्या राखणारा एक पोरगा येऊन उभा राहिला. विचारलं, ही इमारत कुणाची रे? "राजाची," तो म्हणाला. कुठल्या राजाची? "आमच्या." पोरगा गोंड होता. शिष्टमंडळातल्या एखाद्या तरुण अभ्यासकानं हे ऐकायला हवं होतं असं वाटलं. इंडोनेशियात किंवा मलायात जुने राजे मुसलमान झाले तेव्हाही जुन्या चालीरीती घरात राहिल्याच होत्या. त्या माणसांना देवगड परकं वाटलं नसतं. अरबस्तानाशी ताडून पाहण्यापेक्षा जावाशी ताडून पाहिलं तर सातपुड्यातला हा इस्लाम लवकर उमगेल, असं माझं मत झालं आहे.

परतीला नागपूरची वाट धरली. सौंसरच्या पुढे बोरगावचं औद्योगिक क्षेत्र येतं, मग राज्याची सीमा, मग सावनेर. सावनेर ओलांडल्यावर पाटणसावंगीच्या बाजूला कन्हानच्या काठी वाकी आहे. रामाकोन्याला ओलांडलेली ती हीच नदी. ताजुद्दीन बाबांमुळे या गावाचं नाव नागपूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण पुण्या-मुंबईकडच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो.

बाबांचा जन्म १८६१ चा, कामठीचा. फौजेत नोकरी केली, ती सोडली, विरक्तीनं असे वागू लागले की लोकांना वेड लागलं असं वाटलं. १८९२ मध्ये त्यांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि तिथं ते १९०८ पर्यंत राहिले. लोक इस्पितळातच दर्शनाला येऊ लागले. शेवटी भोसले घराण्यातल्या राजे रघूजीरावांनी जामीन राहून त्यांना सोडवलं आणि शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात नेलं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी गोंड राजाला नेमणूक देणाऱ्या घराण्यानंच हे केलं, ही आठवण कुणाला झाली असेल की नाही कोण जाणे. मध्यंतरी बाबा वाकीला काशीनाथ पाटलांकडे येऊन राहिले. १७ ऑगस्ट १९२५ ला नागपुरात त्यांनी देह ठेवला. उमरेड रस्त्यावर ताजबाग आहे ते त्यांचंच.

वाकीत बाबांनी इमारत बांधली नाही. झाडांना नावं दिली. एका झाडाखाली शिफाखाना, म्हणजे दवाखाना. आजारी माणूस आला की त्याला तिथं जाऊन पड म्हणायचे. एक जागा मशीद. आणि एक जागा मदरसा : परीक्षेची धास्ती घेऊन आलेल्या पोरांना, काही विचारायला आलेल्यांना तिथं बसवायचे. पुस्तक नाही, फळा नाही. हिंदू शेतकरी, कामठीचे मोमीन विणकर, वकील, सरकारी नोकर सगळे येऊन बसत. श्रद्धेचा भाग ज्यानं त्यानं ठरवावा. मी स्वतः नवस बोलणाऱ्यांतला नाही. पण इस्लामी अध्ययनाचं केंद्र कसं असू शकतं याचा हा एक नमुना विद्यापीठाच्या माणसांनी पाहावा असा आहे, निदान अभ्यासक्रम ठरवण्याच्या बैठकीत तरी आठवावा असा.

घरी येऊन मित्राला सविस्तर पत्र लिहिलं. मुक्काम कुठं करायचा, गडावर कधी चढायचं, पाटवडीचा रस्सा तिखट असतो हे पाहुण्यांना आधी सांगायचं, सौंसरच्या चाचांना गाडीत घ्यायचं, सगळं कळवलं. रा. चिं. ढेरे यांचं 'मुसलमान मराठी संतकवी' आणि सेतुमाधवराव पगडींचं सूफी संप्रदायावरचं पुस्तक केंद्रात नसेल तर मागवून घे, मराठीत या विषयावर काहीच नाही असं पाहुण्यांपुढे कुणी म्हणू नये, असंही लिहिलं. त्याला पत्र आवडलं. वरच्यांना मात्र खर्च, परवानग्या आणि पाहुण्यांची सुरक्षितता आठवली. शिष्टमंडळानं ग्रंथालय पाहिलं, हस्तलिखितांपुढे फोटो काढला आणि ते गेले. जाताना त्यांच्यातल्या एकानं म्हणे विचारलं, तो गोंड राजा राहिला का? मित्रानं माझं पत्र इंग्रजीत करून त्याला पाठवलं आहे.

आता माझी विनंती जवळच्यांना आहे. छिंदवाड्याच्या विद्यापीठाला राजा शंकर शाह यांचं, म्हणजे १८५७ मध्ये इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिलेल्या गढा-मंडल्याच्या गोंड राजाचं नाव आहे. नागपूरचं विद्यापीठ बख्त बुलंदानं वसवलेल्या शहरात आहे. दोघांच्या इतिहास विभागांनी मिळून वर्षातून एकदा मुलांना पांढुर्णा, सौंसर, देवगड, वाकी, कामठी, ताजबाग या वाटेनं न्यावं. खर्च एका बसचा आहे. दिवाळीनंतर ते माघापर्यंत कधीही जावं. उन्हाळ्यात गड तापतो आणि पावसाळ्यात वाट निसरडी होते. पाणी बरोबर न्यावं, वर मिळत नाही.